साधं पाणी चालेल

कागद सोलला, टेबलावरून बोट फिरवलं आणि बोट तपकिरी निघालं.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सकाळचे अकरा. पूर्णाकाठच्या पट्ट्यातलं एक गाव, बाळापूरपासून अर्ध्या तासावर. नाव सांगत नाही, तिथल्या माणसांना उगाच फोन जातील. शेतमालाच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये लाकूडकामाची चार मशीन्स झाकून ठेवली होती आणि पावसाळ्यानंतरची तपासणी करायला मी अमरावतीहून आले होते. पहिलं उघडलं ते सरफेस प्लेनर, म्हणजे रंधा मशीन. त्याला बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, लांब सपाट टेबल असतं. मधल्या फटीत पाती फिरतात. फळी टेबलावरून सरकवली की तिची खालची बाजू सपाट होऊन निघते. टेबल सपाट तर फळी सपाट. टेबलाला खड्डे पडले तर मशीन चालतं, पण कामाचं राहत नाही.

चार महिन्यांपूर्वी ते टेबल मी स्वतः उभी राहून तेलात माखून घेतलं होतं. तेल अजून जागच्या जागी होतं. गंज तेलाच्या खाली होता.

राग आला की मी आधी बोलते आणि मग बघते. त्या दिवशीही तेच झालं.

"तायडेभाऊ, कव्हर कोणी उघडलं होतं?"

सिद्धार्थ तायडे, मशीनचे मालक, माझ्या मागेच उभे होते. "कोनीच नाई मॅडम."

"कोणीच नाही कसं? हवा लागल्याशिवाय गंज चढतो का?"

"मी दर रविवारी येतो. बायरून पायतो, कुलूप वढून पायतो, जातो. आत हात लावला नाई."

"गोडाऊनवाल्यानं उघडलं असेल."

"चाबी माह्याजवळच असते."

एवढं बोलताना ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांची नजर टेबलावर होती.

आधी माझी ओळख सांगते. माझं आडनाव खंडारे. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि अमरावतीच्या एका मशीन डीलरकडे सर्व्हिसला लागले, त्याला बावीस वर्षं झाली. करवत, रंधा, लेथ, जे लाकूड कापतं किंवा घासतं ते बिघडलं की मी जाते. सुरुवातीला लोक विचारायचे, "मिस्त्री मागून येते का?" आता विचारत नाहीत. मशीन दोन-तीन वर्षं बंद ठेवायचं असेल तर ते गंजू नये म्हणून पॅक करून देणं हेही आमचंच काम. त्या कामात माझा हात धरणारं आमच्या ऑफिसात कोणी नाही, असं मी तोपर्यंत समजत होते. अजूनही समजते, पण थोडं हळू आवाजात.

सिद्धार्थभाऊंचं दुकान रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं. दुसऱ्या जागेचा कागद हातात होता, पण तिथे शेड उभं राहून वीज मिळायला दोन वर्षं तरी जाणार होती. तोपर्यंत ते अकोल्याला एका फर्निचर फॅक्टरीत कामाला लागले. पंचेचाळिशीतला माणूस, चौदा वर्षांत एकेक करून चार मशीन्स जमवलेला, दारं-खिडक्यांच्या कामासाठी तालुक्यात नाव असलेला, आणि तो आता दिवसभर प्लायवूडच्या कडांना पट्ट्या चिकटवत होता. जूनमध्ये भेटले तेव्हा म्हणाले होते, "तिथं लाकडाचा वासच नाई मॅडम. नुसता गमचा वास. सुपरवायजर माह्या वयाच्या निम्मा हाय, आन मले पट्टी सरळ लावाले शिकवते." मग हसून म्हणाले, "मशीनी वाचवून द्या. मशीनी असल्या तं मी परत येतो. नाई तं तिथंच रिटायर होतो."

नवीन चार मशीन्स घेणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. म्हणून ते तपकिरी बोट बघून मला घाम फुटला.

जूनमध्ये आम्ही काय केलं ते सांगते. मशीन खूप काळ बंद ठेवायचं म्हणजे नुसती ताडपत्री टाकायची नसते. आधी भुसा आणि लाकडाचा चीक काढायचा. पट्टे सैल करायचे, नाही तर ते ताणलेल्या जागी वाकडे बसतात. मशीन जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचं, कारण फरशीतून ओल वर येते. मग उघडं लोखंड रॉकेलसारख्या सॉल्व्हंटने पुसायचं. त्याने तेलकट मळ निघतो, पण हाताच्या घामाचं मीठ निघत नाही. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. म्हणून पिळलेल्या ओल्या फडक्याने एक हात फिरवायचा, लगेच कोरड्याने पुसायचं, मग गंजरोधक तेल. त्यावर व्हीसीआय पेपर. हा एक औषध लावलेला कागद असतो. त्यातून बारीक वाफ निघून लोखंडावर बसते आणि ओल लोखंडापर्यंत पोचू देत नाही. त्यावरून सुती कापड, सगळ्यात वर ताडपत्री, आणि ताडपत्री खालून वीतभर मोकळी. घट्ट बांधली तर आतच घाम धरतो.

घामाच्या मिठाची मला एवढी धास्ती की मी त्या दिवशी सगळ्यांना हातमोजे घालायला लावले होते. सिद्धार्थभाऊ आणि त्यांचे दोन जुने कारागीर जूनच्या उकाड्यात रबरी हातमोजे घालून मशीन पुसत होते आणि मी मागे उभी राहून ओरडत होते, "उघडा हात लावू नका!"

तर हे सगळं करूनही टेबल गंजलं होतं.

मी ऑफिसला फोन लावला. आमचे भुयार सर स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांना फाईल बंद झालेली आवडते.

"सर, प्लेनरच्या टेबलावर गंज आहे. तेलाखाली."

"कस्टमरनं उघडून पायलं असन. नेहमीचंच हाय. रिपोर्टमध्ये कस्टमर नेग्लिजन्स टाका अन् सही घेऊन या."

"अजून बाकीची तीन उघडायची आहेत."

"उघडा नं. पन सही आज घ्या, खंडारे."

रिपोर्टच्या फॉर्मवर तसा रकानाच आहे. कस्टमर नेग्लिजन्स, म्हणजे गिऱ्हाइकाचा हलगर्जीपणा. टिक केली की आपली सुटका. मी पेन काढलंसुद्धा. मग सवयीने चिकटपट्टी बघितली. पॅकिंग झालं की कागदाच्या जोडावर मी चिकटपट्टी लावते आणि तिच्यावर आडवी सही करते, अर्धी पट्टीवर, अर्धी कागदावर. कोणी उघडून परत चिकटवलं तर सही जुळत नाही. ज्या जोडावरून मी नुकताच कागद सोलला होता तिथली सही दोन्हीकडे बरोबर जुळत होती. बाकीच्या तीन मशीन्सचीही जुळत होती. म्हणजे कव्हर कोणी उघडलंच नव्हतं. चोर सोडून मी संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते.

"भाऊ, माझं चुकलं," मी म्हटलं. "तुम्ही हात लावलेला नाही."

"ते राहू द्या," ते म्हणाले. "टेबल वाचन का तेवढं सांगा."

 मी म्हटलं, "आधी सगळं उघडू या."

थिकनेसर उघडला. फळीची जाडी एकसारखी करणारं मशीन. त्याच्या टेबलावरही तोच प्रकार, आणि फळी ओढणाऱ्या एका रोलरवर जास्तच. सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल करवत. तिच्याही टेबलावर गंज. शेवटी बँडसॉ उघडली, उभ्या पट्टीची करवत. तिचं टेबल तेल काढताच आरशासारखं लखलखलं. एक डाग नाही.

एकाच गोडाऊनमध्ये, एकाच हवेत, एकाच दिवशी, त्याच तेलाने पॅक केलेली चार मशीन्स. तीन गंजली आणि एक नाही. मला बरं वाटलं, खरं सांगते. तोपर्यंत नुसतं नुकसान होतं, आता कोडं झालं, आणि कोडं सुटतं.

आम्ही डिझेलने तिन्ही टेबलांवरचं तेल पूर्ण काढलं. लोखंड उघडं पडल्यावर गंजाचा आकार दिसला. तो ठिपक्या-ठिपक्यांचा नव्हता. कमानीसारखे पट्टे होते, एकाशेजारी एक, हात जसा उजवीकडून डावीकडे फिरतो तसे. वरून ओल आली असती तर थेंबांचे डाग पडले असते. हे पट्टे पुसण्याचे होते. म्हणजे गंज बाहेरून आलाच नव्हता. आम्ही जूनमध्ये पुसता पुसता काहीतरी लावलं होतं आणि त्यावर तेल माखून ते आत कोंडलं होतं.

"बँडसॉ कोणी पुसली होती?"

"तुमीच तं पुसली मॅडम. आमाले दाखवाले."

बरोबर. पहिलं मशीन मी स्वतः करून दाखवलं होतं. ओल्या फडक्यासाठी बॅगेतली डिस्टिल्ड वॉटरची बाटली वापरली होती. हे म्हणजे बॅटरीत घालतात ते पाणी, त्यात काहीच मिसळलेलं नसतं. एकच बाटली होती, ती बँडसॉवर संपली. दुसरी गाडीत असायला हवी होती, नव्हती. मग मी काय म्हटलं होतं तेही आठवलं. शब्द न् शब्द.

"साधं पाणी चालेल," असं मी म्हटलं होतं.

अमरावतीत चालतं. नळाला धरणाचं गोड पाणी. माझं माहेर चांदूर रेल्वेचं, तिथल्या विहिरीचं पाणी गोड. बावीस वर्षांत कित्येक वेळा डिस्टिल्ड संपलं आणि मी साधं पाणी चालवून घेतलं, कधी काही झालं नाही. पण हा खारपाणपट्टा. इथे जमिनीतलं पाणी खारट असतं हे मी शाळेच्या भूगोलात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. कामाच्या वेळी ते डोक्यात आलं नाही.

"भाऊ, त्या दिवशी बादलीतलं पाणी कुठलं होतं?"

"बोअरचं. स्वच्छ होतं मॅडम, एकदम नितळ."

"खारं आहे का?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी सूर्य कुठे उगवतो असं काहीतरी विचारलं. "म्हंजे? आमच्याकडे बोअरचं पानी खारंच असते."

त्यांचं घर गोडाऊनच्या मागेच होतं. मला खात्री करायची होती, म्हणून बोअरचं पाणी पेल्यात घेऊन आम्ही तडक स्वयंपाकघरात गेलो. सिद्धार्थभाऊंची आई गयाबाई ज्वारीच्या भाकरी थापत बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील.

"जयभीम माय," मी म्हटलं. "एक पळी पाहिजे आणि गॅस पाच मिनिटं."

"जयभीम. घे नं बाई."

पळीत बोअरचं पाणी घेऊन मी गॅसवर धरलं. पाणी उडालं आणि पळीच्या तळाशी पांढरा थर राहिला, नखाने खरवडता येईल असा. जिभेला लावला, खारट-कडवट. दुसऱ्या पळीत घरातलं प्यायचं पाणी आटवलं, तर जेमतेम एक अंधुक कडा राहिली. म्हणजे आम्ही प्लेनर, थिकनेसर आणि करवत पुसून स्वच्छ केली नव्हती, त्यांना मीठ चोळलं होतं. मिठाला हवेतली ओल ओढून घ्यायची खोड असते. वरून तेल लावलं की ती ओल आत राहते आणि लोखंड निवांत खात बसते.

गयाबाई हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "याच्यासाठी गॅस कायले जाळला? मले इचारलं असतं." त्यांनी कुकर काढून दाखवला. आतून पांढराफटक. "हे बोअरच्या पान्याचं. भांडी घासाले चालते, कपड्याले चालते. पन लोखंडाच्या तव्याले मी ते पानी लावतच नाई."

"का?"

"जंगते नं बाई. संध्याकाळी धुतला तं सकाळी लाल. तव्याले गोड पानी, मंग चुलीवर वाळवाचा, मंग तेलाचं बोट. माह्या सासूनं शिकवलं होतं."

सॉल्व्हंट सोडलं तर ही माझीच प्रोसीजर होती. गोड पाणी, लगेच कोरडं करणं, तेल. माझ्याकडे ती लॅमिनेट केलेल्या कागदावर आहे, त्यांच्या घरी तव्यावर होती.

"माय, त्या दिवशी तुम्ही तिथे होता. आम्ही बोअरची बादली घेतलेली तुम्हाला दिसली नाही का?"

"दिसली की. मनात आलं बी. पन तू एवढी इंजिनेर, सारे मानसं तुह्या धाकात, हातात रबराचे मोजे. म्या म्हटलं, मशीनीचं लोखंड अलग असन." मग त्यांनी मुलाकडे बघितलं. "माह्या न बोलन्यानं पोराच्या मशीनी गेल्या म्हना."

"नाही माय," मी म्हटलं. "माझ्या बोलण्याने गेल्या. मी चालेल म्हटलं म्हणून."

मला लाज वाटत होती. मी एवढी ओरडत होते त्या दिवशी की ज्या बाईला माहीत होतं तिला तोंड उघडायची सोयच ठेवली नव्हती.

पण लाजत बसायला वेळ नव्हता. तेल काढून तिन्ही टेबलं उघडी पडलेली होती आणि मीठ अजून लोखंडातच होतं. गंज घासून काढला असता आणि वरून पुन्हा तेल लावलं असतं तर वर्षभरात परत हेच. मीठ डिझेलने जात नाही. एकच उपाय होता. धुवायचं, गोड पाण्याने, भरपूर, गरम करून, आणि लगेच वाळवायचं.

सिद्धार्थभाऊंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "पान्यानं? मशीनी पान्यानं धुवाच्या? गंज चढू नये म्हून?"

"हो. विश्वास ठेवा म्हणायचं तोंड नाही माझं. पण दुसरा उपाय नाही."

त्यांनी तिन्ही टेबलांकडे बघितलं. मग म्हणाले, "पानी किती लागन?"

"दोन ड्रम."

इथेच घोडं पेंड खात होतं. गावात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येत होतं. घरात गोड पाण्याचे तीन ड्रम भरून ठेवलेले, तेवढ्यावर चार माणसांनी पुढचे पाच दिवस काढायचे होते. विकतच्या पाण्याच्या कॅनची गाडी सकाळीच येऊन गेली होती. मी म्हटलं, बाळापूरला जाऊन कॅन घेऊन येते, तास-दीड तास लागेल. गयाबाई चुलीपाशी मोठं पातेलं ठेवायला लागल्या होत्या.

"तवर तुयं लोखंड थांबते काय?"

थांबत नाही. खारं लोखंड उघडं पडलं की तासाभरात रंग बदलायला लागतं.

"आई, पेयाचं पानी हाय ते," सिद्धार्थभाऊ म्हणाले.

"हाव. मले मालूम हाय, मीच भरलं. पाच दिवस मांगून पिऊ. शेजारचे काही नाई म्हनत नाई." त्यांनी ड्रमचं झाकण काढलं. "तू तिकडे अकोल्यात पट्ट्या चिकटवतं ते मले गोड लागते काय?"

त्यानंतर कोणी वाद घातला नाही.

चुलीवर पातेलं, गॅसवर दुसरं. आधी बारीक घासणी आणि डिझेल घेऊन आम्ही गंज उतरवला. टेबलाच्या लांबीच्या दिशेने, गोल गोल नाही, नाही तर टेबलाला घासणीचे चरे पडतात. मग कडकडीत पाणी. एक माणूस ओतणार, दुसरा फडक्याने टिपणार, आणि प्रत्येक वेळी नवं फडकं. मोटर आणि बेअरिंग प्लास्टिकने बांधून घेतले होते. गरम पाण्याचा फायदा असा की लोखंड तापतं आणि उरलेलं पाणी स्वतःच उडून जातं. तरीही मी मागून हीट गन फिरवत होते. हीट गन म्हणजे केस वाळवण्याच्या यंत्राचा दांडगा भाऊ. नशिबाने ऑक्टोबर हीट होती आणि दुपारचे दोन वाजले होते. एरवी त्या उन्हाला आपण शिव्या देतो.

एकदा धुऊन झालं की टेबलावरून टिपलेलं पाणी मी पळीत आटवून बघत होते. पहिल्या धुण्यात पळीत पांढरं आलं. दुसऱ्या धुण्यातही थोडं आलं. तिसऱ्यांदा पळी स्वच्छ निघाली. गयाबाई दर वेळी पळी हातात घेऊन स्वतः बघायच्या आणि निकाल द्यायच्या. "अजून हाय." मग, "अजून जरासं." मग, "आता नाई." मी त्यांच्या निकालावर चालले, माझ्या नाही.

संध्याकाळी पाचला तेल, कागद, कापड, ताडपत्री, परत सगळं झालं. या वेळी मोजे घातले, पण ओरडले नाही. रिकाम्या ड्रमांकडे बघून मला अपराधी वाटत होतं, म्हणून बाळापूरला जाऊन पाण्याच्या सहा कॅन आणून ठेवल्या. गयाबाई म्हणाल्या, "ठेव तिथं. चहा पेऊन जा."

सगळंच वाचलं नाही. थिकनेसरच्या त्या एका रोलरला खड्डे पडले होते, ते घासून जाणारे नव्हते. गोल करवतीच्या टेबलावर काळपट सावली राहिली. ती दिसायला वाईट, कामाला चालते. रंध्याच्या टेबलाचं मात्र मला त्या दिवशी सांगता आलं नाही. डोळ्यांना सपाट दिसत होतं, पण बिडावर डोळ्यांचा भरवसा नसतो. मोजायचं तर मशीन नव्या जागी पक्कं बसवून, लेव्हल करूनच मोजावं लागतं. सिद्धार्थभाऊंना ते सांगितलं. म्हणाले, "म्हंजे दीड वर्ष असंच राहाचं, ना इकडे ना तिकडे." मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी भुयार सरांच्या टेबलावर रिपोर्ट ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला.

"प्रोसीजर एरर? सर्व्हिस इंजिनीअर? हे तुमी सोतावर घेऊन रायल्या."

"माझंच आहे सर. डिस्टिल्ड वॉटर संपलं, मी बोअरचं पाणी चालवलं."

"कस्टमरले माहीत हाय?"

"त्याच्या आईनेच सांगितलं मला."

"अन् रोलर?"

"रोलर आपण बदलून द्यायचा."

सरांनी चष्मा परत लावला. "बावीस वर्षांत असा रिपोर्ट पायला नाई," म्हणाले आणि सही केली. मग मी दाराशी पोचल्यावर मागून, "आता पुढच्या विजिटले पाच बाटल्या नेत जा." ती सूचना मी मानली. माझ्या गाडीत आता डिस्टिल्ड वॉटरचा पूर्ण खोका असतो, आणि चेकलिस्टवर नवी ओळ आहे: गावचं पाणी कसं, हे घरातल्या बाईला विचारावे.

मधल्या काळात मी दर तीन महिन्यांनी जात राहिले. चिकटपट्टी उघडायची, एक कोपरा बघायचा, परत सही. नवा गंज नव्हता. पण रंध्याचा प्रश्न तसाच होता.

नव्या शेडमध्ये मशीन्स बसली ती दीड वर्षानंतर, एप्रिलमध्ये. वीज आली होती. नवा रोलर मी आदल्या दिवशीच बसवला होता. सिद्धार्थभाऊंनी फॅक्टरीतून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती, आणि गयाबाई खुर्ची टाकून दाराशी बसल्या होत्या. मी रंध्याच्या टेबलावर स्ट्रेट एज ठेवला. ही पोलादाची अगदी सरळ पट्टी असते. ती टेबलावर उभी धरायची आणि खाली फट आहे का ते फीलर गेजने बघायचं. फीलर गेज म्हणजे कागदाहून पातळ पात्यांचा जुडगा. जे पातं आत सरकतं तेवढी फट. मी सगळ्यात पातळ पातं घेतलं. लांबीत लावून बघितलं, रुंदीत बघितलं, दोन्ही तिरक्या रेषांत बघितलं. 

पातं कुठेच आत गेलं नाही.

"भाऊ, टेबल सपाट आहे."

त्यांनी परत विचारलं, "पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी कोपऱ्यातली सागाची एक फळी उचलली, मशीन सुरू केलं आणि फळी सरकवली. शेडभर लाकडाचा वास पसरला. फळी उलटी करून त्यांनी तिच्यावरून तळवा फिरवला, एकदा, दोनदा. डोळे पुसले आणि म्हणाले भुसा गेला. मशीनवर भुसा ओढणारं नळकांडं लावलेलं होतं, भुसा उडत नव्हता. 

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोरच फॅक्टरीत लावला.

"सर, तायडे बोलतो. अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती नं... हाव. ते बाकीचा अर्धा दिवस बी येत नाई... नाई, तब्येत बरी हाय. उद्या बी नाई येत... काहून म्हंजे? माह्यं दुकान हाय."

फोन ठेवला आणि त्यांनी दुसरी फळी उचलली.